प्रार्थनापत्रकातला चौथा विषय

पडदा वर जातो. दुपारचे चार. कॉलेजच्या प्रार्थनाघराला लागून असलेली लांबट खोली. भिंतीला ओल आलेली, टेबलावर फोन आणि बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे. डब्यांत बिस्किटं नाहीत, माणसं आहेत. तीनशे बारा. प्रत्येकाचं एक कार्ड.

टेबलामागची बाई म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाची मावशी. मी दरवर्षी मंडळाच्या मुलांचं नाटक बसवायला जायचो, म्हणून मला हा देखावा पाठ आहे. मुलं पदवी घेऊन गेली की कॉलेज त्यांना विसरायचं. मावशीचं काम तिथून सुरू व्हायचं. एकतीस वर्षं, रोज दहा फोन. प्रश्नांचा क्रमही ठरलेला: जेवलास का, झोप लागते का, कुणाशी अबोला आहे का. देवाचं नाव शेवटी, तेही समोरच्याने काढलं तर.

"मावशी, हे धर्मकार्य आहे की पोलिसी चौकशी?" मी चिडवायचो.

"दादा, भुकेल्या माणसाला आत्म्याचं विचारलं की तो खोटं बोलतो. तुम्ही तुमच्या नटांचे उच्चार बघा."

मग मंडळाच्या समितीला वाटलं, माजी विद्यार्थी एकट्या मावशीशी जोडलेले आहेत, एकमेकांशी नाहीत. ते खोटंही नव्हतं. तिने दर महिन्याला एक प्रार्थनापत्रक काढायचं ठरलं. त्यात पाच-सहा विषय द्यायचे आणि सगळ्यांनी एकमेकांसाठी प्रार्थना करायची. नाव कुणाचंच छापायचं नाही, ही मावशीची अट.

तिसऱ्या पत्रकात चौथा विषय असा होता: "कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या आपल्या एका भावाला वर्गात पाऊल टाकायची भीती वाटते. एकदा तर तो तासभर स्वच्छतागृहात लपून बसला. त्याला धीर मिळावा म्हणून प्रार्थना करा."

नाव नव्हतं. पण तीनशे बारा माणसांत कर्णबधिरांना शिकवणारा एकच होता. मावशीच्या हे ध्यानातही आलं नाही. तिच्या लेखी तो शिक्षक नव्हताच. पहिल्या वर्षाला सर्दीने बेजार झालेला, रुमाल विसरणारा पोरगा होता.

लोक वाईट वागले असते तर बरं झालं असतं. लोक फार चांगले वागले. दोन दिवसांत चाळीसेक जणांनी त्याला फोन केला. कुणी फोनवरच प्रार्थना केली, कुणी आपल्या डॉक्टरचा नंबर दिला. एकाची बायको त्याच्याच शाळेच्या विश्वस्त मंडळावर होती. तिने मुख्याध्यापकांना सांगितलं, बिचाऱ्याला थोडे दिवस सुट्टी द्या. शाळेने लगेच दिली.

महिन्यातल्या त्याच्या ठरलेल्या दिवशी मावशीने त्याला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो तर ती त्याचं कार्ड हातात धरून बसली होती.

"दादा, मागच्या महिन्यात तो मला म्हणाला होता, मावशी, तुमच्याशी बोलतो म्हणून तरी निभतंय." मग कार्ड उलटं ठेवून म्हणाली, "आणि ते बोलणं मी छापलं."

"झोपला असेल. गावाला गेला असेल."

"तुम्हाला नाटकात बरं जमायचं खोटं बोलायला. चला."

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, दर वळणावर कुणाच्या तरी चपला. मावशीचे गुडघे दुखरे. एरवी ती दर मजल्याला थांबून मला दोन शब्द सुनावते. त्या दिवशी एकदाही थांबली नाही. वर पोचलो. दारापाशी दुधाच्या तीन पिशव्या पडल्या होत्या. एक फुगलेली.

समोरच्या बाईंनी दार किलकिलं केलं. "परवापासून आवाज नाही हो. आम्ही म्हटलं, कशाला उगीच..." आणि दार लावून घेतलं.

मावशीने कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. उभ्या आयुष्यात मी हजार प्रेक्षकांची शांतता ऐकली आहे. या दारामागची तशी नव्हती. मावशीने माझी बाही पकडली.

"अरे, मी आहे," ती म्हणाली. "मंडळाची मावशी."

आत काहीतरी सरकलं. खुर्ची असावी. मी श्वास सोडला, तिने नाही सोडला.

"आणखी कोण आहे?" आतून आवाज आला. खरखरीत, न वापरलेला.

"नाटकवाले दादा."

"आणि बाकीचे तीनशे? ते जिन्यात उभे आहेत का?"

मावशी दाराला कपाळ टेकून उभी राहिली. "कुणी नाही. माझं चुकलं. तू मला सांगितलंस, मी गावाला सांगितलं. प्रार्थनेच्या नावाखाली चहाडी केली मी."

आत खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज झाला.

"ते रडत होते हो फोनवर, माझ्यासाठी," तो म्हणाला. "मी त्यांची समजूत घालत होतो. चाळीस जणांची. मग माझ्यात काही उरलंच नाही."

"जेवलास का?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, तो प्रश्न नको. आता तुमचा एकही प्रश्न नको. मी तुम्हाला यापुढे काही सांगणार नाही."

तिने डोळे मिटले. एकतीस वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं आता ती रडेल, गयावया करेल, निदान प्रार्थना तरी म्हणेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि वाकून त्या पिशव्या दाराच्या अगदी जवळ सरकवल्या.

"नको सांगूस. दार माझ्यासाठी उघडूही नकोस. पण हे दूध नासलंय, घाण सुटेल. तेवढं आत घेऊन मोरीत ओत. तुझा हात दिसला की मी जिना उतरते."