भिंतीवर न काढलेला सारस

शालीकराम गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये बोऱ्यांवर मार्का लिहायचा. काजळी, अळशीचं तेल आणि एक रुंद कुंचा, एवढाच त्याचा संसार. बायको रुख्मा एकोणपन्नास साली बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आपलं म्हणावं अशी एकच बहीण उरली, सौंदडची चंद्रकांता.

चीनशी दोस्तीचे दिवस होते. मी बिडी कामगारांची युनियन बांधत होतो आणि नागपूरहून चिनी मासिकं आणायचो, लोकांनी वाचावं म्हणून. वाचत कोणी नव्हतं. शालीकरामनं मात्र एका पानावर बोट ठेवलं. कुण्या चिनी चित्रकारानं नुसत्या काळ्या शाईत झिंगे काढले होते. सहा झिंगे, बाकी कोरा कागद.

"भाऊ, यात पानी कोठी हाय?"

"काढलेलंच नाही."

"मंग हे झिंगे ओले कसे दिसून राहिले?"

कोणी असं कोंडीत पकडलं की माझं डोकं फिरतं. "घेऊन जा ते पान," मी खेकसलो. त्यानं पान सोडवलं, मासिक परत दिलं.

पुढची दोन वर्षं तो बिडीच्या लेबलांच्या पाठीवर काढत बसायचा. काजळीत बाभळीचा डिंक घोटायचा, पाणी कमीजास्त करायचा. एका फटकाऱ्यात रेघ उतरवण्याची कला त्याला बोऱ्यांनीच शिकवली होती. तागावर दुसरा हात फिरवला की अक्षर फुटतं. मिलचा जमादार टोमणे मारायचा, "क्यों पेंटर, बोरे पे चावल का नंबर डालोगे कि मुर्गी बिठाओगे?" शालीकराम हसायचा नाही, चिडायचाही नाही. संध्याकाळी खोलीत एकटाच लेबलं जमिनीवर पसरून बघत बसायचा. दाखवणार कोणाला?

सत्तावन्न साली भाचीचं, प्रेमिलाचं लग्न ठरलं. त्यांच्या घरात दाराशेजारची भिंत मामानं रंगवायची रीत. हळद, गेरू, जोडीनं मोर, जोडीनं पोपट. दोन थोरल्या भाच्यांच्या भिंती त्यानं अशाच रंगवल्या होत्या.

"भाऊ, तुमी चला संगं," तो म्हणाला. "या डाव मी सारस काढतो. शाईचा. चंद्रकांताले दाखवाचा हाय."

छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही सौंदडला गेलो. भिंत पांढऱ्या मातीनं सारवून ठेवली होती. शालीकरामनं कुंचा भिजवला आणि माझ्या डोळ्यांदेखत, तासाच्या आत, सारस उभा केला. वाकलेली मान, लांब पाय, पायाशी धानाची चार पाती. बाकी भिंत मोकळी. तळ्यावर सकाळी धुकं असतं ना, ते त्या भिंतीवर उतरलं होतं. त्यात काढलेलं काही नव्हतं.

बाया जमल्या. वाट पाहू लागल्या, दुसरा सारस कधी काढतो म्हणून. त्यानं कुंचा धुवायला घेतला.

"झालं?" चंद्रकांतानं विचारलं.

"झालं."

"एकच? अन् काऱ्या शाईचा?"

तेवढ्यात तिचा नवरा उदाराम आला. भिंत पाहिली आणि म्हणाला, "मांडवात कारा रंग आनला. अन् एकटा सारस. सोताचं नशीब पोरीच्या भिंतीवर काढलं याने."

माझं टाळकं सटकलं. चीन, कला, अंधश्रद्धा, सगळं एका दमात ऐकवलं. बाया पदर सावरत मागे सरल्या. सभेत टाळ्या पडतात. तिथं त्या बोलण्यानं शालीकराम आणखी एकटा पडला, एवढंच.

"दादा," चंद्रकांता रडवेली होऊन म्हणाली, "बाजूनं दुसरा काढ ना. गेरूनं काढ. वरात येऊन राहिली."

"दुसरा हाय ना वो तेथी. धुक्यात हाय."

"मले नाही दिसत."

त्यानं धुतलेला कुंचा झटकला. मग कुंचा तिच्या हातात दिला. "तूच काढ बाई. माया हातानं नाही होत."

तिनं गेरूत बुडवून काढला. बदकासारखा, एक पाय आखूड. बायांनी सुस्कारा सोडला. शालीकरामनं मामाचे सगळे विधी केले, पंगतीत वाढलं, आणि वरात निघाल्यावर आम्ही गाडी पकडली.

दिवाळीच्या तोंडावर चंद्रकांताचा निरोप आला: भिंत सारवायची आहे, दादानं यावं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "पुसायला बोलावतात तुला. अपमान आहे हा."

"बहिनीनं बोलावलं, भाऊ."

परत आल्यावर मिलमध्ये बोरे लिहिता लिहिता त्यानंच सांगितलं. पावसाच्या झडीत गेरू वाहून गेला होता, डिंकाची शाई तशीच होती. चंद्रकांता मातीचं टोपलं घेऊन उभी होती. तिचा हात चालत नव्हता.

"मंग तिनं इचारलं, दादा, तो दुसरा कोठी होता? मी बोट ठेवून दाखवलं. येथी मान, येथी पंख. लय वेळ पाहत होती."

"आणि?"

"अन् काय. मंग दोघायनं मिळून सारवली."

त्यानं कुंचा तेलात बुडवला आणि पुढचा बोरा ओढला.