दुखलं तर सांग

शकूमावशी गेल्याचा फोन माझ्या भावाने बेंबळीहून केला, तेव्हा मी कळंबच्या घरी ज्वारी निवडत होते. "सकाळी चहा घेतला आन तिथंच मान टाकली," तो म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा निवडायला लागले. थोड्या वेळाने पाहिलं, तर मी खडे ठेवून दाणेच बाहेर टाकत होते... त्याला आता महिना होत आला.

शकूमावशी माझ्या माहेरच्या, बेंबळीच्या कासारीण. बाजाराच्या दिवशी पाराशेजारी बांगड्यांची टोपली मांडायच्या, एरवी घरोघर फिरायच्या. बाईचा हात हातात घेऊन, अंगठ्याचा सांधा हळूहळू दाबत बांगडी चढवायच्या आणि प्रत्येकीला म्हणायच्या, "दुखलं तर सांग गं." जीभ मात्र तिखट. हात आखडणाऱ्या पोरीला "लाडूबाई, काच हाय, फुटली तर तुलाच लागंल" असं सुनवायच्या.

माझ्या लग्नाचा चुडा भरायला त्याच आल्या होत्या. माझ्या उजव्या मनगटाच्या जरा वर एक फिकट डाग होता. आई त्याला गजकर्ण समजून मलम चोळायची. त्या दिवशी ती मावशींना हळूच म्हणाली, "चार बांगड्या जास्त भरा, डाग झाकून जाऊ द्या." मैत्रिणींच्या चेष्टेवर मी हसत होते, तेवढ्यात डागावरचीच बांगडी पिचली. बायका अपशकुन म्हणून चुकचुकल्या. मावशी मात्र माझ्या हाताकडे बघत राहिल्या. काच डागात रुतली होती, रक्त लुगड्यावर ठिबकत होतं, आणि मी हसतच होते. मला काही कळलंच नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं. मला डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा हातावर ठिकठिकाणी टेकवत विचारलं, "आता कुठं लागलं?" डागावर टेकवला की मी गप्प. "वैनी, हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्या आईला म्हणाल्या. "हे गजकर्ण न्हाय, कुष्ठरोग असंल. सरकारी दवाखान्यात चला. औषध फुकट मिळतं, पोर बरी होती."

आईने तोंडाला पदर लावला. "लग्न मोडंल हो."

"आन हात गेला मंजी?" मावशी म्हणाल्या.

धाराशिवच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. नातेवाइकांचं म्हणणं एकच, आधी लग्न उरकून घ्या, मग बघू. मी मावशींना विचारलं. "तुझं अंग, तू ठरीव," त्या म्हणाल्या. "पर लपवून नांदशील, तर गोळ्याबी लपवूनच खाशील, आन एक दिवस सोडून देशील." मी सांगायचं ठरवलं. होणाऱ्या सासूबाईंना बोलावून घेतलं. शेजारणी ओसरीवर कान देऊन बसल्याच होत्या. वडिलांनी सगळं सांगितलं, तशा सासूबाई माझ्यापासून जरा सरकून बसल्या. तेव्हा मावशी पुढे आल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले. "बाई, लग्नाआदी ह्योच रोग मलाबी हुता. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. ह्याच हातानं म्या गावभर चुडं भरते." हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. हातावर पोट असलेल्या त्या बाईने माझ्यासाठी तो हातच पणाला लावला.

"कळवतो," म्हणून सासूबाई गेल्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. पुढच्या बाजाराला मावशींच्या टोपलीपुढे कुणी बसेना. मी शेजारी जाऊन बसले, तर माझ्यावरच खेकसल्या, "तोंड पाडून बसू नगंस, यायचं गिऱ्हाईकबी पळंल." बाजार उठत आला आणि कळंबहून एसटीने आलेल्या सासूबाई गर्दीतून सरळ चालत आल्या. टोपलीपुढे मांडी घालून त्यांनी हात पुढे केला. "भरा," एवढंच म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. मावशींनी तो हात धरला. "दुखलं तर सांगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. गोळ्या मी सासरी, ताटाशेजारी ठेवून सगळ्यांदेखत घेतल्या. मावशींचं गिऱ्हाईक परतायला फार वेळ लागला. काही जणी परतल्याच नाहीत. ते त्यांच्या मनाला लागलं होतं, पण बोलून दाखवायच्या नाहीत. उलट आरोग्य केंद्राच्या आशाताईंबरोबर त्या गावोगाव जाऊ लागल्या. बचत गटाच्या बैठकीत मला उभं करायच्या. "हिचा हात बगा, माझा बगा. बरं झालेलं माणूस दिसलं की दवाखान्याचं भ्या जातं." बैठक संपल्यावर एखादी मागे रेंगाळायची, पदराखालचा हात हळूच पुढे करायची. मावशी तिला बाजूला घेऊन जात आणि आम्हाला वळूनही बघू देत नसत. स्वतःचं त्या चारचौघांत सांगत, दुसरीचं मात्र कधी कुणाला कळलं नाही.

माझा डाग अजून थोडा बधिर आहे. बोटं शाबूत आहेत, भाकरी थापते, सुईत दोरा ओवते. गेल्या आठवड्यात इथल्या बाजारात बांगड्या भरायला गेले. मावशींशिवाय पहिल्यांदाच. दुकानदाराच्या हाताला घाई होती. बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली आणि कळ थेट डोक्यात गेली.

"दुखलं का, ताई?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि भर दुकानात मला रडू फुटलं. तो बिचारा ओशाळला, बांगडी परत काढायला लागला.

"राहू द्या," मी म्हणाले. "दुखू द्या."