दुसरा पॉवर सप्लाय आणि अंबाड्यातला आकडा

"भूत म्हणजे खराब अर्थिंग" — हे माझं तरुणपणीचं वाक्य. शाळेत फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे सासूबाईंनाही हे ऐकवून झालं होतं. काय तो रुबाब! आता एकाहत्तराव्या वर्षी तीच मी हे लिहायला बसले आहे. हसा खुशाल.

इंदूर, पलासियातला आमचा फ्लॅट, मागची खोली, दुपारचे दोन. नात रेवा अ‍ॅनिमेशन शिकते. तिची वर्षभराची फिल्म रेंडर करून, म्हणजे कॉम्प्युटरवर पक्की करून, संध्याकाळी सहापर्यंत जमा करायची होती, आणि नवं ग्राफिक्स कार्ड कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला झेपेना... सारखा बंद पडायचा. म्हटलं, माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय काढू, कार्डाला वेगळी वीज देऊ. तो नुसता सुरू करायचा तर त्याची हिरवी आणि काळी तार जोडावी लागते, हे रेवाने व्हिडिओत पाहिलं होतं. मी अंबाड्यातला यू आकाराचा आकडा काढला, टोकांचा काळा रंग खरवडला आणि त्या दोन तारांच्या भोकांत खोचला. दोन्ही सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले. बोर्ड मीच वीस वर्षांपूर्वी जोडलेला — वर माझ्या अक्षरात "ओके" अशी चिठ्ठीसुद्धा.

बटण दाबलं. जुन्या सप्लायचा पंखा हललाच नाही. बघते तर आकडा टेबलावर पडलेला, आणि... सरळ. सुईसारखा.

रेवा म्हणाली, घाईत तूच सरळ केला असशील. बटण बंद केलं, आकडा वाकवला, खोचला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्यावरून नजर काढली नाही. शपथेवर सांगते, हलताना दिसला नाही. पापणी लवली, एवढंच... आणि तो टेबलावर.

बटण चालूच होतं. रेवाचा धीर सुटला. "आजी, तू हट ना जरा, मी बघते," म्हणत ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे वाकली. फरशी नुकतीच पुसलेली, पोरगी अनवाणी.

"हात नको लावूस."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लख्ख पेटला.

इलेक्ट्रिशियनने येऊन बोर्ड उघडला. जुन्या सप्लायच्या पत्र्यात करंट उतरलेला, आणि बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, म्हणून तो बोर्डातून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत पोचलेला. "बच्ची बच गई, माताजी," तो म्हणाला. "ये ओके कौन भिया लिख गए?"

"थी एक पढ़ी-लिखी," मी म्हटलं.

रेवाने मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर रेंडर करून सहाला दहा कमी असताना फिल्म दिली.

म्हणजे अर्थिंग खराब निघालं, माझं वाक्य खरं ठरलं म्हणा. पण आकडा? तसाच दुसरा मी पकडीने सरळ करून पाहिला — पकडीचे वण उठले, मधला बाक राहिलाच. त्या आकड्यावर खरवडलेली टोकं सोडली तर एक ओरखडा नव्हता.

तो पुन्हा वाकवून डबीत ठेवलाय. डबी माझ्याच कपाटात आहे... उघडून बघायची हिंमत अजून झालेली नाही.