लालीबाईचा हात आणि हिरासिंगची जास्वंद

लालीबाईच्या हातचा मार ज्यानं खाल्ला नाही असा माणूस तांड्यात शोधावाच लागेल. घाटंजीच्या बाजारात मापात पाप करणाऱ्या एका कांदेवाल्याच्या टाळक्यात तिनं त्याचंच वजन हाणलं होतं. वावरात रानडुक्कर घुसलं की बाप्ये फटाके शोधत फिरत, आणि ही बाई दांडा घेऊन सरळ त्याच्या अंगावर जाई. आधी हात, मग तोंड, असा तिचा कारभार. नवरा हिरासिंग होता तोवर तो मागून तिची कंबर धरायचा आणि म्हणायचा, "बस कर, लाले. मरन तो." मग ती थांबायची. तीन वर्षांमागं हिरासिंगवर वावरात वीज पडली, आणि तिला थांबवणारं कोणी राहिलं नाही.

राहिली होती एकटी अंजू. धाकट्या दिराची, भारतची बायको. दोन्ही घरांचं अंगण एकच. लालीबाईचा मुलगा जीवन वणीकडं कोळशाचा ट्रक चालवतो, सणावाराला तोंड दाखवतो. ताप आला तर कपाळावर ओली पट्टी ठेवणारी, दोन भाकरी जास्तीच्या थापून आणणारी, संध्याकाळी उंबऱ्यावर बसून गप्पा मारणारी ही जाऊच. ती तुटली तर म्हातारपणी आपलं दार लोटायला कुत्रंही येणार नाही, हे लालीबाईला पक्कं ठाऊक होतं. पण राग आला म्हणजे माणसाला ठाऊक असलेलं सगळं चुलीत जातं ना!

अंगणातली लाल जास्वंद हिरासिंगनं लावलेली. तो गेल्यापासून लालीबाई दर मंगळवारी त्याच्या नावानं भोग लावायची. निखाऱ्यावर तूप, गुळाची लापशी, हात जोडून विनंती. भोगाच्या राखेवर कोणाचा पाय पडू नये म्हणून ती राख घमेल्यात भरून जास्वंदीच्या बुडाशी टाकायची. झाड त्याचं, राखही त्याच्या नावाची. यात वावगं काय आहे, असं कोणालाही वाटलं असतं.

यंदा मात्र जास्वंद पिवळी पडायला लागली. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. लालीबाईनं पाणी वाढवलं, मग तोडलं. शेणाचं पाणी दिलं. लिंबू-मिरची बांधली. झाड काही ऐकेना. तेव्हा तिच्या मनात आलं की कोणीतरी बुडाशी तणनाशक ओततं आहे. तांड्यात तिच्यावर दात धरून असलेल्यांची कमी नव्हती. तिनं एकेकाला शिव्या घातल्या आणि पाळत ठेवली.

एके सकाळी ती विहिरीवरून परतली तर अंजू जास्वंदीच्या बुडाशी उकिडवी बसलेली. हातात खुरपं, बाजूला टोपलं. लालीबाईला पाहताच ती दचकली आणि टोपल्यावर पदर ओढू लागली. बस, एवढं पुरे झालं. ओसरीवर पातं निघालेला कुऱ्हाडीचा दांडा होता. लालीबाईनं तो उचलला, आणि काय, कसं, विचारायच्या आत पहिला तडाखा अंजूच्या पाठीवर बसला.

"माह्या माणसाचं झाड मारतं, रांडे? माह्याच अंगणात?"

"बाई, ऐक तं खरं…"

दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर येत होता, तो अंजूनं मनगटावर झेलला. काडकन आवाज झाला. टोपलं उलटलं. अंजू ओरडलीसुद्धा नाही, पांढरीफटक पडून तशीच बसली. मनगट भलतीकडंच वळलं होतं. भारत धावत आला, त्यानं दांडा हिसकला आणि वहिनीला भिंतीवर असं ढकललं की तिचा ओठ फाटला. त्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेला. तो म्हणाला, "मी रिपोट देतो तुही. आता तू माही कोणी नाही."

लालीबाई रक्त थुंकली आणि म्हणाली, "दे. मी बी पुरावा आणतो." जास्वंदीची एक फांदी कचकन मोडून तिनं घाटंजीची ऑटो पकडली.

कृषी केंद्राचा नानाजी तिच्या ओळखीचा. हिरासिंगही बियाणं त्याच्याकडूनच न्यायचा. त्यानं फांदी उजेडात धरली, पानं उलटीपालटी केली.

"तणनाशक नाही हे. ते पडलं असतं तं झाड जळून गेलं असतं. हे शेंड्याचं कवळं पान पाहा. मधात पिवळं, शिरा हिरव्यागार. खालची जुनी पानं अजून धड आहेत. याले लोह भेटून नाही राह्यलं."

"कोणी काही टाकल्याबिगर?"

"बुडाशी राख टाकता काय?"

"टाकतो. भोगाची, दर मंगळवारी."

"आपली माती आधीच चुनखडीची. त्यात राख पडत गेली का खार वाढते. लोह मातीत असते, पण मुळी ते उचलू शकत नाही. कोणाची चूक म्हणाल तं त्या राखेची."

लालीबाईनं काउंटरवरून त्याची कॉलर धरली. "माह्या माणसाच्या भोगाले नावं ठेवतं?"

गिऱ्हाइकं मागं सरली. नानाजीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. "बाई, मले माराले आली का झाडाले दवा नेयाले आली?" मग त्यानं हिराकसाची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, पुडी बांधली. राख पडलेली माती खरवडून फेका, जागी कुजलेलं शेणखत भरा, पाणी साचू देऊ नका. हिराकस लिटरला पाच ग्रॅम, त्यात लिंबू पिळून, ऊन कललं की पानांवर फवारा. पिवळी पानं सगळी हिरवी होतीलच असं नाही, पण नवी फूट चांगली येईल.

परतताना ऑटोत तिला ते उलटलेलं टोपलं आठवलं. त्यातून उडालं होतं ते राखाडी होतं. राखच होती ती. अंजू टाकत नव्हती, काढत होती. लालीबाईनं तोंडात पदर कोंबला.

अंजू दवाखान्यातून आली ती कोपरापर्यंत प्लास्टर घालून. भारतनं दारातच वाट अडवली, पण आतून अंजू म्हणाली, "येऊ द्या." लालीबाई खाटेपासून दूरच बसली.

"तुले समजलं होतं तं सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं का भोगाच्या राखेनं झाड मरून राह्यलं, तं मारलं नसतं काय तुवा?"

लालीबाई रडली, मोठ्यानं रडली. रिपोर्ट अंजूनंच देऊ दिला नाही.

लालीबाईनं बुडाची माती हातानं उकरली, नखं फुटेस्तोवर. शेणखत भरलं, फवारे मारले. भोगाची राख आता ती दूर नाल्यात सोडून येई. दोन्ही वेळा अंजूच्या घरी भाकरी थापून देई. भारत तिच्याशी बोलत नसे, पण खाई. मनगट जुळलं ते जरा वाकडंच. जास्वंदीला मात्र हिरवी, रसरशीत फूट आली, आणि एके दिवशी शेंड्याला लाल फूल उमललं.

अंजू अंगणात उभी होती. लालीबाई हरखून म्हणाली, "थांब, पहिलं फूल तुह्या केसात लावतो," आणि वरची फांदी वाकवायला तिनं हात उचलला.

अंजूनं झटकन मान खाली घातली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

लालीबाई तशीच थिजली. अंजूनंही हळूहळू हात खाली घेतले, ओशाळून.

"मी राग नाही धरला, बाई. आईची आण. पण तुहा हात वर गेला का हे आपोआप होते. मी काही करत नाही."

लालीबाईनं हात खाली आणला. फूल झाडावरच राहिलं. मग ती दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "तूच तोड, अंजे. मी इथं उभी राहतो."