पुडीतली घट

न्यूयॉर्कजवळ ओक ट्री रोडवर माझं किराण्याचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझा डावा डोळा बाहेरच्या कडेनं विझत चालला होता. काचबिंदू, पण डोळ्यातला दाब नॉर्मल. नसेला रक्त कमी पोचतंय, थेंब घालत राहा, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्षभर थेंब घातले तरी काळी कड आत सरकतच होती. घाऊक बाजारातून भाजीची व्हॅन मी स्वतः चालवत आणायचो. डोळा गेला की व्हॅन जाणार आणि व्हॅन गेली की दुकान.

अशात कळलं, की न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात एक जपानी डॉक्टर त्यांच्याकडची झाडपाल्याची जुनी औषधं देतो आणि डोळ्यातला रक्तपुरवठा वाढतो का ते मोजतो. मी गेलो. मशीनवर हनुवटी टेकवायची, एका ठिपक्याकडे बघायचं, पापणी हलवायची नाही. लेसरनं मोजणी होते आणि पडद्यावर आकडा येतो. मग तीन महिने औषध घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं.

"फरक पडेल?" मी विचारलं.

"माहीत नाही. तेच बघायचंय."

असा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. माल हातात धरून म्हणतो, चांगला की वाईट ठाऊक नाही! मी घासाघीस सुरू केली. सहा महिन्यांचं द्या, उजव्या डोळ्याचंही मोजा, दर महिन्याला आकडा सांगा. प्रत्येक मागणीला तो कमरेत वाकायचा आणि नाही म्हणायचा. इतक्या नम्रपणे मला आजवर कोणी हरवलं नव्हतं.

चंदेरी कागदाच्या पुड्या मिळाल्या. दिवसाला दोन, जेवणाआधी, कोमट पाण्यातून. रिकाम्या पुड्या परत आणून द्यायच्या. आतली पूड तपकिरी; वास अर्धा दालचिनीचा, अर्धा ओल्या मातीचा.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये राहायचा. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर कोसळणार, या भीतीवर ज्यांचे व्हिसे निघाले त्यांतला एक. माझ्याच दुकानातला माल खाऊन त्याला नावं ठेवायचा. पुडी हुंगून म्हणाला, "दाजी, हे सगळं आपल्याकडचंच आहे यार. जपान्यांनी फक्त पॅकिंग चांगलं केलं."

"मग तुझ्या आपल्याकडच्यांना सांग, माझा डोळा बरा करा म्हणावं."

"तुमचं ना, लगेच टेम्पर जातं."

तीन महिने नेमानं औषध घेतलं. बायको कालवून द्यायची, मी तोंड वाकडं करून प्यायचो. एक वेळ चुकवली नाही. शेवटी रिकाम्या पुड्या रबरबँडनं बांधून ऐटीत डॉक्टरच्या टेबलावर ठेवल्या. मोजणी झाली. आकडा होता तिथेच.

"तुमच्यावर परिणाम दिसत नाही," तो म्हणाला.

मी आवाज चढवला. तुमचं औषध खोटं, मशीन भंगार, मला खरा माल दिलाच नाहीत! तो वाकला. त्या वाकण्यानं माझं डोकं आणखी फिरलं.

घरी येऊन मी त्याचा यथेच्छ उद्धार केला. बायको कांदा चिरायची थांबली.

"अहो, एक सांगू? ओरडणार नाही ना?"

"ओरडणार. सांग."

"मी तुम्हाला अर्धीच पुडी देत होते."

"का?"

"डोस इथल्या धिप्पाड लोकांच्या मापाचा असतो. तुमची अंगकाठी ती केवढी! आणि उरलेली वाया कशाला घालवायची? तो बिचारा दिवसभर स्क्रीनसमोर असतो. त्याला देत होते."

बिचारा तेवढ्यात चहाचा मग घेऊन जिना चढून आला. "दाजी, मला मात्र जाम फरक पडला हं. एकदम फ्रेश वाटतं."

त्याच्या डोळ्यांना काडीचा रोग नव्हता.

डाळीच्या पोत्यात किलोभराची घट असली तरी उचलताच माझ्या हाताला कळायची. घाऊकवाले मला वचकून असायचे. आणि माझ्या स्वतःच्या औषधातली निम्मी घट मला तीन महिने जिभेवर घेऊन कळली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. पूर्ण पुडीचे तीन महिने द्या, म्हणालो. घासाघीस न करता काही मागायची माझी ती पहिलीच वेळ. त्यानं शांतपणे ऐकलं, माझा कागद काढला आणि पट्टी धरून त्यावर आडवी रेघ मारली. नियम मोडला गेला होता; आता मला त्या चाचणीत पुन्हा घेता येणार नव्हतं. मग काळजीनं विचारलं, "तुमच्या मेहुण्याला काही त्रास तर झाला नाही ना?"

पूर्ण पुडीनं माझं काही भलं झालं असतं का? कदाचित नाही. पण नाही तर नाही, ते मला कळायला हवं होतं. तेवढंही या दोघा भावंडांनी मला मिळू दिलं नाही.

थेंब अजून चालू आहेत. उजवा डोळा टिकला. डाव्याची बाहेरची बाजू गेली, पाठोपाठ व्हॅन आणि दुकानही. मेहुणा दिवाळीला सहकुटुंब येतो आणि जपानी औषधामुळे आपल्याला अजून चष्मा लागला नाही, असं जेवताना सगळ्यांना सांगतो. मी त्याला माझ्या डाव्या हाताला बसवतो. तिथलं मला दिसत नाही.

ऐकू येतं. त्याला इलाज नाही.