दहापैकी दोन

शिक्षकांना कुणी काही समजावून सांगायला लागलं की आम्ही अर्ध्यातच "हो हो, कळलं" म्हणून मोकळे होतो. पेशाचाच दोष आहे हा. मी खर्ड्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांना समजावायचं, त्यामुळे स्वतः काही समजून घ्यायची सवयच मोडलेली. त्यापायी माझं ऑपरेशन हुकता हुकता राहिलं. हुकलं नाही ते माझ्या सासूबाईंमुळे, ज्यांच्यावर मी नऊ वर्षं मनातल्या मनात दात-ओठ खात होते. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण लिहिणार आहे.

पाळीचं दुखणं मला कॉलेजात असल्यापासूनचं. लग्नानंतर ते वाढत गेलं. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं, तसं कमरेपासून मांड्यांपर्यंत आतून पिळून निघायचं. वर्गात असले की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि उगाच शब्द लिहीत सुटायची, म्हणजे पोरांना चेहरा दिसायला नको. आधी मला सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग म्हणाले, एक मूल झालं की थांबेल. मुलगी झाली, ती आता माझ्याच वर्गात बसते, आणि दुखणं आपलं ठाण मांडून तिथेच. "मॅडम, बायकांना एवढं दुखतंच," असं म्हणत गोळ्या लिहून देणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी उलट बोलायचं होतं. बोलले नाही. माझा राग सगळा पोटातच जिरायचा, आणि पोटात आधीच काय कमी होतं!

घरी आत्याबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण घराची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. पाळीच्या चार दिवसांत मी स्वयंपाकघरात जायचं नाही, देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही, आणि मला कुणी शिवायचं नाही. शाळेत जाऊन तीस पोरांना शिवलेलं चालायचं, घरात मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा आत्याबाई खाली ठेवून मागे सरणार आणि मग मी उचलणार. एकदा मी मोरीत ओकत बसले होते, तेव्हाही त्या चार हातांवर उभ्या राहून नुसतं "ए पोरी, ए पोरी" करत होत्या. पाठीवरून एक हात फिरवला असता तर काय बिघडलं असतं? तो हात मी कितीतरी वर्षं विसरले नाही.

त्यात ते कॅलेंडर. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला कॅलेंडर, त्याला सुतळीने बांधलेला पेन्सिलीचा तुकडा. माझी पाळी आली की आत्याबाई त्या चार तारखांवर फुल्या मारायच्या. कशासाठी, तर पापड कधी लाटायचे, लोणचं कधी घालायचं, घरात पूजा कधी ठेवायची, हे त्यावरून ठरायचं. आल्यागेल्यासमोर भिंतीवर माझी पाळी टांगलेली! शिवाय काही तारखांवर काजळाचे काळे ठिपके असायचे. आत्याबाई नातीसाठी काजळ घरीच करतात, त्याच डबीतलं बोट. मला वाटायचं, माझी सावली पडू नये म्हणून काहीतरी तोडगा असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडणच झालं असतं.

शेवटी नवऱ्याने हट्ट धरला आणि नगरला एका बाईडॉक्टरांकडे घेऊन गेला. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. तेवढ्यानेच मला रडू यायला लागलं. मग कागदावर चित्र काढून म्हणाल्या, "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच बाहेर, पोटात भलत्या जागी वाढत असेल. दर महिन्याला तेही सुजतं, रक्त सोडतं, एकाला दुसरं चिकटत जातं. सोनोग्राफीत दर वेळी दिसतंच असं नाही. दुर्बिणीने पाहावं लागतं." त्यांच्याकडे या आजारावर संशोधन चालू होतं. खेड्यातल्या बायकांचं निदान व्हायला इतका उशीर का होतो, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुखण्यात किती फरक पडतो, असं काहीतरी. मी त्यात यायला तयार झाले. तीन महिने रोजच्या दुखण्याची आणि पाळीच्या तारखांची वही ठेवायची, ती पाहून ऑपरेशनचं ठरवायचं.

वही द्यायला संशोधनाचं काम करणारी एक मुलगी होती, भिंगारची. सगळ्या तिला ताईच म्हणत. बाहेर ही गर्दी. ताई सांगायला लागली, "मॅडम, रोज संध्याकाळी शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे..." मी म्हणाले, "कळलं, कळलं. मी शिक्षिका आहे."

पाजळली अक्कल!

तीन महिने मी एकही दिवस न चुकता वही लिहिली, सुवाच्य अक्षरात, समास आखून. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आत्याबाईंना सोबत घेऊन नगरला गेले, कारण नवऱ्याच्या कांद्याची काढणी चालू होती. बाईंनी वही चाळली, पुन्हा चाळली, कपाळाला आठ्या घातल्या. "यातलं दुखणं पाळीशी जुळत नाहीये," त्या म्हणाल्या. "आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. दुर्बिणीचं तूर्त थांबवू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे यांनाही पटलेलं नाहीच! बाई पुढे काहीतरी विचारत होत्या. मी "बरं" म्हणाले, वही पिशवीत कोंबली आणि तडक बाहेर पडले. ताई मागून हाका मारत होती, मी वळूनही पाहिलं नाही.

एसटीत आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हनली डाक्टरीन?"

"म्हणाली, दुखणं पाळीचं नाही."

"आँ?" त्या म्हणाल्या, आणि पार खर्डा येईपर्यंत बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. "हे वाच. तुला येतंय वाचाया."

"काय वाचू? तुमच्या फुल्या?"

"फुल्या सोड. काळं ठिपकं बघ."

"ते काय आहे?"

"तू आडवी पडलीस, अन्न ग्वाड लागलं न्हाई, ते दिस. पाळीचं न्हाई म्हनती व्हय ती? येकूनयेक ठिपका फुलीच्या अंगावर, न्हाईतर फुलीला लागून हाय."

मी वही काढून शेजारी ठेवली. तारखेवर तारीख लावत गेले. ठिपका आहे त्या दिवशी वहीत दोन. ठिपका, एक. ठिपका, दोन. आणि ज्या दिवशी मी हसतखेळत धुणं धुतलं, पोरांचे खेळ घेतले, त्या दिवशी नऊ. एका दिवशी तर दहा!

अगं आई गं. मी मार्क दिले होते. सगळं आयुष्य दहापैकी मार्क देण्यात गेलेलं, दहापैकी दहा म्हणजे शाब्बास. दिवस झकास गेला की नऊ, जीव नकोसा झाला की दोन. दहा म्हणजे सगळ्यात जास्त दुखणं, हे ताई सांगणारच होती, मीच सांगू दिलं नव्हतं. मी हसत सुटले आणि हसता हसता हुंदके द्यायला लागले. आत्याबाईंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

जरा शांत झाल्यावर त्यांनी लोखंडी पेटी उघडून गुंडाळ्या बाहेर काढल्या. माझ्या लग्नापासूनची सगळी कॅलेंडरं. वर देवांची चित्रं असतात, ती रद्दीत कशी घालायची, म्हणून जपलेली. पहिल्या वर्षी महिन्याला एखादाच ठिपका. मग दोन. मुलगी पोटात होती तेव्हा कोरी पानं. पुढे तीन, चार, आणि गेल्या साली फुल्यांच्या अलीकडे-पलीकडेही काळंच काळं. माझं दुखणं इतकं वाढलंय हे मलाही असं कधी दिसलं नव्हतं.

"का करत होता हे?" मी विचारलं.

"तू बोलत न्हाईस. दातावर दात धरून साळंत जातीस. कुनीतरी ध्यानात ठिवाया पायजे का न्हाई? नवरात्रात देवीला दावायचे मी, बघ बाई, औंदा इतकं. पर तिला काय येळ मिळाला न्हाई."

नऊ वर्षं माझ्या दुखण्याची वही कुणीतरी ठेवत होतं, आणि मी त्याच माणसाला मनात शिव्या घालत होते.

पुढच्याच आठवड्यात दोघी पुन्हा नगरला. कॅलेंडरं पिशवीत मावेनात, आत्याबाईंनी ती लेकरागत काखेत धरली होती. मी ताईला झालेला घोळ सांगितला. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू काही आवरलं नाही. मग कॅलेंडरं टेबलावर पसरली, तशी ती पानावर पान उलटत गेली. उठून बाईंना बोलावून आणलं. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. "ही नोंद कुणी ठेवली?"

"मीच ठिवली," आत्याबाई घाबरून म्हणाल्या. "काय चुकलं का?"

बाईंनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा आई. इतकी मागची नोंद आमच्या कुठल्याच फायलीत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "वही पाहून मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं. तुम्ही पळालात, पण मीही थांबवायला हवं होतं." कुठल्या डॉक्टरच्या तोंडून मी असं पहिल्यांदाच ऐकलं. बाई आणि ताई, दोघींचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

ऑपरेशन झालं. बेंबीत एक आणि खाली दोन, एवढ्याशाच चिरा. आत मात्र सगळा गुंता होता, एक अंडाशय आतड्याला चिकटून बसलं होतं. बाईंनी ते दुर्बिणीतून पाहत एकेक सोडवलं. तिसऱ्या दिवशी मी घरी. आत्याबाई पट्ट्यांकडे पाहून म्हणाल्या, "येवढ्यातनं? माझ्या डबीच्या झाकनायेवढं बी न्हाई!" हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, तपासणीला येत राहा, असं बाईंनी बजावलंय. ताईने नव्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापून घेतलंय, दहा म्हणजे सर्वांत जास्त दुखणं. आणि आता ती प्रत्येकीला विचारते, घरी कॅलेंडरवर कुणी काही खुणा करतं का. किती तरी घरी करतात म्हणे.

त्यानंतरची पहिली पाळी आली त्या सकाळी मी ओसरीवर बसले होते, चहाचा कप पुढ्यात. आत्याबाईंनी कॅलेंडरवर फुली मारली. मग काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि तसंच वर धरून माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"किती हाय?"

"नाही दुखत, आत्याबाई."

"खरं सांग. साळंत जायचं म्हनून सांगू नगंस."

"खरंच नाही."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. काजळ तर लागलेलं होतं. त्या तशाच ओसरीवर आल्या, वाकल्या, आणि ते बोट माझ्या कानामागे टेकवलं. "नजर नगं लागाया," म्हणाल्या, आणि पाठीवरून एकदा हात फिरवून आत गेल्या.

चहा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. आज पाळीचा पहिला दिवस होता, आणि त्यांनी मला शिवलं होतं.