स्वल्प पातळ

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनात गाडी सकाळी थांबली तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. भोसरीत सहा महिने खपून आम्ही मोटारीच्या दाराचा आतला भाग दाबून काढणारी डाय (पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा) बनवली होती. ती ट्रकने आधीच पोचली होती. त्या दुपारी चारला गिऱ्हाईक कंपनीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर सलग दहा दारं बिनचूक निघाली तर डाय पास, नाहीतर ती परत भोसरीला आणि माझ्या नावाला बट्टा. संगणकावरच्या चाचणीत मात्र सगळं हिरवंगार होतं.

स्टेशनबाहेरच्या दर्शिनीत (उभ्याने खायचं हॉटेल) लोण्याचा दोसा खाल्ला. पहिल्याने पोट भरलं, दुसरा निव्वळ मोहापायी. रिक्षावाल्याला कारखाना किती लांब म्हणून विचारलं.

"स्वल्प दूर, सार."

आपल्याकडे स्वल्प म्हणजे अगदीच थोडं, म्हणून खुशाल बसलो. पाऊण तास धूळ खाल्ली. तरी शहाणपण काही आलं नाही.

प्रेसशॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देण्याचा विभाग) तपासणीला गिरिजाक्का होत्या. घराणं मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरूत. निघालेल्या प्रत्येक दारावरून त्या सुती मोजा घातलेला हात सावकाश फिरवत.

हल्लीचा पत्रा पातळ पण दणकट असतो. त्याने गाडी हलकी होते, धडकही सोसते. पण आम्हा लोकांचा तो जीव खातो. दाबून सोडला की थोडा मागे उसळतो, म्हणून साचा मुद्दाम जास्त वाकवून करावा लागतो. कडा आवळल्या तर फाटतो, सैल सोडल्या तर सुरकुत्या पडतात. पहिल्या दाराला माप लावलं, चोख बसलं. मी नसलेल्या मिशीला ताव दिला.

"सर, ह्या कोपऱ्यात स्वल्प पातळ झालंय. हात लावून नोडि (बघा)," अक्का म्हणाल्या.

"स्वल्पच ना, अक्का? मग काय बिघडतं!"

त्यांनी पुढचं दार ओढून घेतलं. सहावं दार त्याच कोपऱ्यात टर्रकन फाटलं. साडेबारा वाजले होते.

"अहो, तुम्ही तर स्वल्प म्हणालात!"

"मग पाव्हण्याला तोंडावर चुकलंय म्हणायचं काय? आमच्याकडं स्वल्प म्हटलं की थांबून बघायचं, सर."

मला मनापासून लाज वाटली. मोजा घालून मी आधीच्या दारावर बोट फिरवलं. डोळ्यांना न दिसणारी बारीक खोलगट रेघ लागली. पत्रा तिथे ताणून विरला होता. मग साच्याचा तो कोपरा दगडाने घासून गुळगुळीत केला, कडेवरचा दाब उतरवला, नवं दार काढलं. अक्कांनी हात फिरवला. "अजून, सर." पुन्हा घासलं. असं तीनदा झालं. जेवण राहिलंच.

चारला साहेब आले. ते मापं लावत होते, मी फक्त अक्कांच्या हाताकडे बघत होतो. दहाव्या दारावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "सरी (ठीक)." माझे डोळे भरून आले, हे सांगायला हरकत नाही.

परतीची गाडी सुटताना भोसरीहून आमच्या साहेबांचा फोन आला.

"पास?"

"पास."

"बघ! संगणक चुकत नाही."

"चुकला, साहेब. गिरिजाक्कांनी हाताने पकडला. गणित आपण सुधारू, जमेल आपल्याला. पण पुढच्या डायचं पहिलं दार आधी त्यांच्या हाताखाली जाईल."

"बरं, पण हे रिपोर्टात लिहू नकोस हं."

"त्यांच्या नावानिशी लिहिलंय, साहेब. पाठवून मगच गाडीत बसलो."